दोष तिथीचा की आपला?

आमच्या शेजारी एक निवृत्त सिस्टर राहतात. तीस-बत्तीस वर्षे त्यांनी रुग्णालयात रात्रपाळ्या केल्या. सिंहस्थाचा विषय निघाला, की त्यांचे एक वाक्य ठरलेले असते : "पौर्णिमा-अमावास्येला कॅज्युअल्टीत पाय ठेवायला जागा नसायची. तुम्ही पुस्तकं वाचता, आम्ही डोळ्यांनी पाहिलंय." वैद्यकीय क्षेत्रातल्या अनेकांकडून मी हेच ऐकले आहे. ही माणसे काही भोळीभाबडी नाहीत. म्हणून हे म्हणणे हसून सोडून देण्यापेक्षा तपासून पाहावे असे ठरवले. मी डॉक्टर नाही, खगोलशास्त्रज्ञही नाही. घरात साठलेली जुनी पंचांगे आणि वाचनाची हौस एवढेच माझे भांडवल.

पहिली चाचणी सोपी होती. आपल्या राज्याच्या आठवणीत कोरल्या गेलेल्या दुर्घटनांच्या तारखा घ्यायच्या आणि पंचांग उघडायचे. १२ जुलै १९६१, पानशेत फुटले : अमावास्या. ३० सप्टेंबर १९९३, किल्लारीचा भूकंप : अनंत चतुर्दशीची रात्र सरून पौर्णिमा उजाडायची होती. २७ ऑगस्ट २००३, नाशिकच्या सिंहस्थातली चेंगराचेंगरी : अमावास्या. २५ जानेवारी २००५, मांढरदेवी : पौष पौर्णिमा. चारपैकी चार! क्षणभर माझ्याही अंगावर काटा आला.

मग थोडे थांबून पुढच्या तारखा काढल्या. ११ डिसेंबर १९६७, कोयनेचा भूकंप : ना पौर्णिमा, ना अमावास्या. २६ जुलै २००५, मुंबईचा जलप्रलय : पौर्णिमा उलटून पाच दिवस झालेले. ३० जुलै २०१४, माळीण गाव गाडले गेले : श्रावण नुकताच लागलेला, चंद्रकोर अजून कोवळी. म्हणजे पहिल्या यादीत मी नकळत तिथी जुळणाऱ्या घटनाच आधी आठवल्या होत्या. न जुळणारी तारीख मनात ठसत नाही, कारण तिच्याबरोबर सांगायला गोष्ट नसते. सिस्टरांच्या आठवणीतही असेच झाले असेल काय? शुद्ध सप्तमीला भरलेला वॉर्ड कोण कशाला लक्षात ठेवील?

तरीही पहिल्या यादीने माझा पिच्छा सोडला नाही. पानशेत आणि किल्लारी एका बाजूला, नाशिक आणि मांढरदेवी दुसऱ्या बाजूला. या दोन जोड्यांत फरक आहे, आणि या लेखाचे म्हणणे त्या फरकात आहे.

ग्रंथांतला चंद्र

चंद्र आणि आजार यांची सांगड आपल्याकडे फार जुनी आहे. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात मनोविकारसदृश बाधांचे वर्णन आहे. तिथे कोणता ग्रह माणसाला कधी धरतो याचे जणू वेळापत्रकच दिले आहे : देवग्रह पौर्णिमेला, गंधर्व अष्टमीला, यक्ष प्रतिपदेला, पितर अमावास्येला, सर्पग्रह पंचमीला, पिशाच चतुर्दशीला. विषचिकित्सेच्या जुन्या विवेचनातही काही तिथींना झालेला सर्पदंश असाध्य मानला आहे. असाध्य ठरवण्याची वैद्याला गरज का पडली असावी? हाती प्रतिविष नव्हते. काही रोगी वाचत, काही जात. वाचले ते का आणि गेले ते का, हे सांगण्यासाठी एखादी चौकट हवी होती. ती तिथीने पुरवली.

ही समजूत आपलीच होती असेही नाही. ईस्ट इंडिया कंपनीचा बंगालमधला एक शल्यचिकित्सक, फ्रान्सिस बाल्फोर, याने १७८४ साली कलकत्त्यात एक ग्रंथ छापला. विषय होता तापावरचा चंद्राचा प्रभाव. हिंदुस्थानातले ताप अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उलटतात, असे निरीक्षण त्याने मांडले आणि सिंकोनाची साल देण्याचे दिवसही त्याप्रमाणे ठरवावेत असे सुचवले. पुढे त्याने सूर्य आणि चंद्र दोघांचा मिळून प्रभाव मानला. त्या काळी ही चेष्टेची गोष्ट नव्हती. न्यूटनने भरती-ओहोटीचे कोडे सोडवले होते. समुद्र हलतो तर शरीरातले द्रव का हलणार नाहीत, हा प्रश्न तेव्हाच्या विद्वानांना अगदी शास्त्रशुद्ध वाटत होता.

बाल्फोर सपशेल चुकला असे म्हणणेही अन्यायाचे होईल. ताप ठरावीक दिवसांनी येतो हे त्याने खरेच पाहिले होते. आपल्या आज्यांनाही ते ठाऊक होते. एकाआड एक दिवस येणारा ताप वेगळा आणि दोन दिवस सोडून येणारा वेगळा, हे त्या बरोबर ओळखत. १८८०च्या दशकात इटलीतल्या कामिल्लो गोल्जीने दाखवून दिले, की हिवतापाचे परजीवी रक्तपेशी फोडून एकाच वेळी बाहेर पडतात तेव्हा हुडहुडी भरते. एका जातीला त्यासाठी ४८ तास लागतात, दुसरीला ७२. १८९७ साली सिकंदराबादेत रोनाल्ड रॉसने डासाच्या पोटात तो परजीवी शोधला आणि साखळी पुरी झाली. ताल खरा होता, पण तो ठरवणारे घड्याळ आकाशात नव्हते, रोग्याच्या रक्तात होते.

हत्तीरोगाचे उदाहरण याहून बोलके आहे. त्याचे सूक्ष्म जंतू दिवसा शरीरात खोल दडतात आणि रात्री हातापायांच्या रक्तात उतरतात, कारण त्यांना वाहून नेणारा डास रात्री चावतो. म्हणून विदर्भातल्या हत्तीरोगग्रस्त जिल्ह्यांत आरोग्य कर्मचारी रात्री घरोघर जाऊन रक्ताचे नमुने घेत आले आहेत. गावकऱ्यांना ते विचित्र वाटते, पण दुपारी नमुना घेतला तर रोग सापडत नाही. निसर्गाच्या तालाला मान दिल्याशिवाय इथे वैद्यकाचे काम होत नाही.

माणसाच्या देहातही असे घड्याळ आहे. हृदयविकाराचे झटके सकाळच्या प्रहरी जास्त येतात, हे १९८५ साली अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासाने दाखवले आणि नंतर अनेक ठिकाणी तसेच आढळले. पहाटेनंतर रक्तदाब चढतो, रक्त गोठण्याकडे कल वाढतो. पेशींतले हे दैनिक घड्याळ कसे चालते याच्या शोधाला २०१७ साली नोबेल मिळाले. तेव्हा 'निसर्गाच्या तालाचा आणि तातडीच्या आजाराचा संबंध आहे का?' या प्रश्नाचे उत्तर 'आहे' असेच द्यावे लागते. पण तो ताल मुख्यतः सूर्याचा आहे, दिवसाचा आणि ऋतूचा. चंद्राचे काय?

मोजून पाहिलेला चंद्र

या प्रश्नावर गाजलेले दोन अभ्यास भारतातलेच आहेत. पाटण्याचे डॉ. सी. पी. ठाकूर आणि त्यांचे सहकारी यांनी 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये १९८० साली पौर्णिमा आणि विषबाधा यांवर, तर १९८४ साली पौर्णिमा आणि गुन्हे यांवर लेख लिहिले. पौर्णिमेच्या दिवसांत प्रमाण वाढते असे त्यांना आढळले. कारण म्हणून त्यांनी चंद्राच्या आकर्षणाने देहात उठणाऱ्या भरतीकडे बोट दाखवले. हेच डॉ. ठाकूर पुढे वाजपेयी मंत्रिमंडळात केंद्रीय आरोग्यमंत्री झाले.

पण परदेशात आकडे गोळा होत गेले तसा चंद्र फिका पडत गेला. १९८५ साली रॉटन आणि केली या दोघांनी तोवर झालेले ३७ अभ्यास एकत्र तपासले. माणसाच्या वागण्यातल्या चढउतारांपैकी एक टक्काही चंद्राच्या खात्यावर जमा होत नाही, असा त्यांचा निष्कर्ष निघाला. १९९६ साली अमेरिकेतल्या एका रुग्णालयाने तातडीच्या विभागातल्या चार वर्षांच्या सुमारे दीड लाख नोंदी पाहिल्या. पौर्णिमेला गर्दी वाढलेली दिसली नाही. २००० सालच्या डिसेंबरात 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'च्या एकाच अंकात दोन लेख आले. इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्डच्या लेखात पौर्णिमेला प्राणी चावण्याचे प्रमाण वाढलेले होते, ऑस्ट्रेलियाच्या लेखात तसे काहीच नव्हते. अपघातांवरच्या एका अभ्यासाची गंमत तर लक्षात ठेवण्याजोगी आहे. पौर्णिमेच्या रात्री रस्त्यावर अपघात जास्त होतात असे त्यात आढळले होते. मग कोणीतरी दिनदर्शिका पाहिली, तेव्हा त्या काळातल्या पौर्णिमा जरा जास्तच प्रमाणात शनिवार-रविवारी आल्याचे कळले. वाराचा हिशेब वेगळा काढताच चंद्राचा प्रभाव नाहीसा झाला.

शरीरात सत्तर टक्के पाणी आहे म्हणून भरती येते, हा युक्तिवाद आजही सर्रास ऐकू येतो. भरती पाण्यामुळे येत नाही. चंद्राची ओढ पृथ्वीच्या जवळच्या बाजूला जास्त आणि दूरच्या बाजूला कमी, या फरकामुळे ती येते. तो फरक जाणवायला हजारो किलोमीटरचे अंतर लागते. साडेपाच फुटांच्या माणसाच्या डोक्यात आणि पायात तो नगण्य असतो. कोकणातला कोणीही मच्छीमार आणखी एक गोष्ट सांगेल : उधाण अमावास्येलाही येते आणि पौर्णिमेलाही. मग वेड फक्त पौर्णिमेलाच का लागावे?

दुसरी बाजूही प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. २०२१ साली अर्जेंटिनातल्या आदिवासी वस्त्यांत झालेल्या अभ्यासात पौर्णिमेच्या आधीच्या रात्री लोक उशिरा झोपतात आणि कमी झोपतात असे आढळले. दिवे नसलेल्या गावात चांदणे पडले, की माणसे अंगणात बसतात, शेतावर जातात, हे आपल्यालाही समजते. म्हणजे चंद्राचा परिणाम शून्य नाही, पण तो प्रकाशाच्या वाटेने येतो आणि बेताचा आहे.

कोण कशाने आले होते?

एवढे वाचून मी पुन्हा सिस्टरांकडे गेलो. या वेळी प्रश्न बदलला. "पौर्णिमेला गर्दी व्हायची, ते पेशंट कशाने आलेले असायचे?" त्या आठवून सांगू लागल्या. चैत्री पौर्णिमेला वणीच्या गडाला चालत निघालेले, उन्हाने चक्कर येऊन पडलेले. निर्जळी उपवासाने साखर उतरलेले मधुमेही. यात्रेतले काहीबाही खाऊन उलट्या-जुलाब झालेले. आषाढातल्या अवसेला ढोसून गाडीवरून पडलेली पोरे. लक्ष्मीपूजनाच्या रात्री भाजलेली मुले आणि धुराने दमा उसळलेले म्हातारे. बोलता बोलता त्या थांबल्या आणि म्हणाल्या, "म्हणजे चंद्रानं नाही, आपणच पाठवले म्हणा की."

माझ्या मते उत्तर इथे आहे. युरोप-अमेरिकेत पौर्णिमा केव्हा आली नि गेली, ते बहुतेकांना कळतही नाही. त्यांचे व्यवहार इंग्रजी तारखेने चालतात. म्हणून तिथे चंद्राचा एकट्याचा प्रभाव मोजता येतो, आणि तो जवळजवळ शून्य भरतो. आपल्याकडे चंद्र कधी एकटा येत नाही. हनुमान जयंती, बुद्धपौर्णिमा, वटपौर्णिमा, गुरुपौर्णिमा, नारळी, कोजागरी, त्रिपुरी, दत्तजयंती, शाकंभरी, होळी : रिकामी पौर्णिमा शोधावी लागते. अमावास्यांना दिव्याची अवस, पोळा, सर्वपित्री, लक्ष्मीपूजन. प्रत्येकीबरोबर उपवास, प्रवास, नदी, अग्नी, गर्दी यांतले काहीतरी असतेच. पाटण्याच्या अभ्यासाबद्दल आपल्या पंचांगवाचकाच्या मनात पहिला प्रश्न हाच यायला हवा : त्या पौर्णिमांना गावात काय काय होते?

शिवाय अधिक मासाची सोय असल्यामुळे आपल्या तिथी ऋतूला बांधलेल्या आहेत. नागपंचमी नेहमी पावसाळ्यातच येते. सर्पदंशाच्या मृत्यूंचा २००१ ते २००३ या काळातला देशव्यापी अभ्यास सांगतो, की वर्षाला सुमारे ४६ हजार माणसे दगावत होती आणि जून ते सप्टेंबर हे महिने सर्वांत घातक होते. बिळांत पाणी शिरते, उंदीर घराकडे वळतात, त्यांच्यामागे साप येतात आणि शेतातली कामे तेव्हाच जोरात असतात. त्या दिवशी जमीन खणू-नांगरू नये, हा रिवाज ऋतूचे ज्ञान म्हणून समजून घेता येतो. मात्र पंचमीचा दंश असाध्य, असे म्हणून रोग्याला देवळात झोपवणे हा गुन्हा आहे. २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्यात साप, विंचू, कुत्रा चावलेल्याला उपचारांपासून रोखून मंत्रतंत्र करण्याला स्वतंत्र कलमाने मनाई आहे. महाडजवळ बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात काम करताना डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचूदंशाच्या रोग्यांचे हृदय आणि फुप्फुसे तासन्‌तास शेजारी बसून पाहिली, प्राझोसिन हे औषध वापरले आणि मृत्यू झपाट्याने कमी केले. त्यांनी तिथी पाहिली नाही, रोगी पाहिला.

गर्दीची तिथी

आता पहिल्या यादीतल्या दोन जोड्यांकडे परत येऊ. पानशेत अमावास्येला फुटले, पण अर्धवट राहिलेल्या धरणात पाणी चढले म्हणून फुटले. किल्लारीची जमीन तिच्या पोटातल्या ताणाने हलली. तिथे तिथी हा निव्वळ योगायोग. नाशिक आणि मांढरदेवीचे तसे नाही. ती माणसे त्या दिवशी त्या अरुंद वाटेवर होती, याचे कारणच तिथी होते.

हा धडा जुना आहे. एकोणिसाव्या शतकात पंढरपूरची यात्रा आणि पटकी यांची जोडी ठरलेली होती. आषाढी एकादशी पावसाच्या तोंडावर येते. चंद्रभागेत वाळवंटावरची घाण उतरते आणि तेच पाणी लाखो लोक पितात. घरी परतणाऱ्या वारकऱ्याबरोबर रोग गावोगाव जाई. हरिद्वारच्या १८६७च्या कुंभानंतर पटकी उत्तर हिंदुस्थानभर अशीच यात्रेकरूंच्या वाटांनी पसरली. गावात जरीमरीचा कोप म्हणून नवस बोलले जात. पुढे पाण्याचे शुद्धीकरण, शौचालये आणि लस यांनी पटकी हटली. एकादशी मात्र त्याच तिथीला राहिली, वारीही वाढतच गेली. तिथी तीच असून मृत्यू थांबले, याहून स्पष्ट पुरावा कोणता?

मांढरदेवीला काळूबाईच्या यात्रेत नारळाच्या पाण्याने निसरड्या झालेल्या पायऱ्या, दुतर्फा दुकाने, अरुंद वाट आणि मग लागलेली आग यांत अडीचशेहून अधिक जीव गेले. न्यायमूर्ती कोचर आयोगाने चौकशी केली. त्याआधी दीड वर्ष आमच्या नाशकात, श्रावण अमावास्येच्या शाही पर्वणीला, काळाराम मंदिराकडून रामकुंडाकडे उतरणाऱ्या सरदार चौकात ३९ भाविक चेंगरून मेले. त्या चौकातला उतार आजही चालून पाहावा. दोन्ही बाजूंना घरे, मध्ये कठडे, वरून रेटा. तेव्हा गावात बोलले जात होते, "अवसच वाईट होती." मीही ते ऐकून मान हलवली होती. आज त्याची लाज वाटते. दोष अवसेवर टाकला, की उताराचा, कठड्यांचा आणि नियोजनाचा प्रश्न विचारायचे राहून जाते.

बारा वर्षांनी, १३ सप्टेंबर २०१५ रोजी, पुन्हा अमावास्या होती, पुन्हा शाही पर्वणी होती, रामकुंडही तेच. त्या दिवशी सूर्यग्रहणही होते, आपल्याकडे न दिसणारे. चेंगराचेंगरी झाली नाही. कारण गर्दी दूरवर अडवणे, टप्प्याटप्प्याने सोडणे यांवर आधीपासून काम झाले होते. बंदोबस्त जाचक झाल्याची तक्रारही झाली, पण माणसे घरी परतली.

आता पुढची तारीख. गुरूला राशिचक्र फिरायला १२ वर्षांहून थोडा कमी वेळ लागतो, तो सिंह राशीत पुन्हा येतो आहे. जाहीर झालेल्या वेळापत्रकानुसार पहिले अमृतस्नान २ ऑगस्ट २०२७ला आहे : आषाढ अमावास्या, त्यात सोमवार, आणि त्याच दिवशी दुपारनंतर आपल्याकडे खंडग्रास दिसणारे सूर्यग्रहण. दुसरे ३१ ऑगस्टला, श्रावण अमावास्येला, म्हणजे २००३ची तीच तिथी. सोमवती अमावास्या आणि ग्रहण एकत्र आल्यावर किती गर्दी लोटेल, याचा अंदाज पंचांग उघडणाऱ्या कोणालाही बांधता येईल. त्यात श्रावणाच्या तोंडाचा पाऊस, फुगलेली गोदावरी, ओले घाट, उपाशीपोटी आलेले मधुमेही आणि रक्तदाबाचे वृद्ध, ग्रहणात पाणीही न पिणाऱ्या गर्भवती.

चंद्राबद्दल आपल्या हाती असलेली सर्वांत उपयोगी गोष्ट हीच, की तो कधी चुकत नाही. कोणत्या दिवशी, कोणत्या घाटावर, कोणत्या प्रकारचे रोगी येणार हे आपल्याला वर्षभर आधी कळते. इतकी आगाऊ सूचना भूकंप देत नाही, ढगफुटी देत नाही. म्हणून एक छोटी सूचना करून थांबतो. रुग्णालयांच्या तातडीच्या नोंदवहीत आणि १०८ रुग्णवाहिकेच्या नोंदीत तारखेशेजारी तिथीचा आणि यात्रेचा एक रकाना असावा. आरोग्य विज्ञान विद्यापीठ नाशकातच आहे. तिथल्या विद्यार्थ्यांना हे काम सहज जमेल. पाच-सहा वर्षांच्या नोंदी जमल्या, की वणीच्या चैत्री पौर्णिमेला सलाईनच्या किती बाटल्या लागतात, त्र्यंबकच्या श्रावणी सोमवारी किती हाडे मोडतात, हे नेमके कळेल.

सिस्टरांना ही कल्पना सांगितली तेव्हा त्या म्हणाल्या, "रकाना कशाला? आम्हाला आधीच ठाऊक असायचं. कुणी विचारलं नाही, एवढंच."